माहेर ओलांडून गेलेली गाडी

भल्या पहाटे आसनगावच्या माझ्या घरी फोन वाजला. "दाजी गेले गं," ताई एवढंच बोलली. झोपेतच गेले. महिना उलटला, पण अजूनही मला ते धड खरं वाटत नाही...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहापूरला कचेरीत कारकून, पण जीव सगळा त्यांच्या काळ्या, जुन्या मोटारीत. मी तिला ताईची सवत म्हणायचे आणि ताई खळखळून हसायची. पुढे नव्वद सालानंतर कधीतरी ताईचा मणका सरकला. हसणं गेलं, झोप गेली, वैशाखरे गावातलं माहेरही सुटलं. एकदा हट्टानं एसटीत बसली, तर मुरबाडलाच उतरून रडत परत आली. तिकडे आई म्हातारी, तिलाही प्रवास झेपत नव्हता. या मायलेकी आता भेटतात की नाही, असं मलाच वाटायला लागलं होतं. म्हसा गावची जत्रा नुकतीच उरकली होती, तेव्हा एक दिवस दाजी मुंबईहून गोणपाटात गुंडाळून गाडीच्या चार स्प्रिंगा घेऊन आले.

"हे बघ, या टोकाला वेढे दाट, त्या टोकाला विरळ. बारीक खड्ड्याला दाट वेढे मऊ दबतात. मोठा खड्डा आला की विरळ वेढे सावरून धरतात."

"अशी सासू मिळते का बघा कुठं," मी म्हटलं.

गाडी अंगणात जॅकवर चढली, जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या. मग दाजींनी परीक्षा म्हणून ताईच्या जागेवर मला बसवून मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या दिला. किन्हवलीच्या रस्त्याला माझी साडी चिंब! "बायकोच्या कंबरेपायी मेव्हणीला आंघोळ घालता होय?" मी कडाडले. घाईत मागची एक स्प्रिंग खोबणीत नीट बसलीच नव्हती. दाजींनी पुन्हा सगळं खोललं. पुढच्या फेरीला पाणी नुसतं डुलत राहिलं.

मग आम्ही वैशाखऱ्याला निघालो. कोवळं ऊन, पिवळं पडलेलं गवत, लांब डोंगरावर धुकं... गाडी पाळण्यासारखी हलत होती. सरळगाव मागे पडलं आणि मागे काही आवाज येईना म्हणून वळून पाहिलं, तर ताई गाढ झोपलेली. दाजींनी आरशात पाहिलं आणि वेग आणखी कमी केला.

आई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी होती. गाडी तिच्या समोरून तशीच पुढे गेली.

"दाजी, घर!"

"श्श... झोपलीय ती."

घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन वळलो, तर परत घर ओलांडलं. आई रस्त्यात येऊन ओरडली, "अवो जावईबापू, थांबा की वो! डोक्यावर पडलाव काय?" दाजी हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. ताई आपणहून जागी झाली तेव्हाच गाडी दारात थांबली. आईचा राग मात्र संध्याकाळपर्यंत उतरला नाही.

त्यानंतर ताई वर्षातून दोनतीनदा तरी माहेरी जायची.

दाजींच्या दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं आणि ताई कुठं दिसेना. किती रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शोधत गेले, तर ती गाडीत, मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेली. माझ्यामागून आलेली शेजारीण कुजबुजली, "नवरा गेला, आन् हिला झोप कशी लागते गो?"

"लागावी म्हणूनच तर त्यांनी एवढं केलं," मी म्हटलं, आणि गाडीचं दार हळूच लोटून घेतलं.