खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

प्रणिताचा राग नाकावर असतो, हे परदेशात हॉर्नबीला ती काम करते त्या गोदामात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या खंडेनवमीला ती जशी पेटली, तशी कुणी पाहिली नव्हती. आणि का पेटू नये?

अकरा वर्षं धुंडाळून तिनं ते रिव्हॉल्व्हर मिळवलं होतं. पहिल्या महायुद्धातलं, मुळात जाड गोळीचं. पुढे नेमबाजीच्या सरावासाठी त्याच्या नळीत बारीक गोळीची दुसरी नळी बसवलेली. अशी फार थोडी उरलीत. त्यातून ह्याच्या नळीवर तो बदल करणाऱ्या कारागिराचा शिक्का, तांदळाच्या दाण्याएवढा. तो शिक्का आणि वरचा जुना काळपट रंग, हाच त्या वस्तूचा सगळा मान. शिक्का गेला, की उरतं ते कुणीतरी बिघडवलेलं जुनं लोखंड.

पिंपरीहून सहा महिन्यांसाठी आलेले तिचे वडील, गोविंदराव, सकाळी म्हणाले, "आज शस्त्रपूजा. काढ तुझं ते." तिला भरूनच आलं. बाबा फिटर, घरी दर खंडेनवमीला त्यांच्या पान्या-हातोड्यांची पूजा दादा करायचा आणि प्रणिताच्या वाट्याला रांगोळी. तिनं तिजोरी उघडली, रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं. तेवढ्यात कामावरून फोन आला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. लायसन्सवालीनं हत्यार क्षणभरही नजरेआड करायचं नसतं. तिनं चांगली वीस मिनिटं केलं.

परत आली तर बाबांच्या हातात पॉलिश पेपर. नळी लखलखीत. शिक्क्याच्या जागी गुळगुळीत लोखंड.

"केवढा गंज चढू दिलास गं!" ते खुशीत म्हणाले.

"गंज नव्हता तो, बाबा! सगळं गॉन आता! अकरा वर्षं!" तिचा आवाज फाटला. "मला एकदा विचारता नाही आलं? दादाच्या वस्तूला न विचारता हात लावला असतात?"

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "नसता लावला," म्हणाले. मग त्यांनी कुंकवाची वाटी पुढे केली. "पहिलं बोट तू लाव."

हे ऐकायला लहानपणापासून तिचे कान आसुसले होते. आज ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रिव्हॉल्व्हर उचलून तिजोरीत ठेवलं, दार धाडकन लावलं आणि म्हणाली, "तुम्हीच करा पूजा. रांगोळीसुद्धा तुम्हीच काढा."