एका फेरीत बिऱ्हाड

पिकअपकाकांची नोकरी इंधन वाचवायची आणि हौस इंधन जाळायची. ब्राउनश्वाइगच्या एका कंपनीत ते गाड्या रोलरवर चढवून त्या किती पितात ते मोजायचे. नव्या मॉडेलची तहान जराशी जरी कमी झाली, तरी त्या रात्री घरी गोडाधोडाचं जेवण. आणि स्वतःची गाडी कुठली, तर मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाकडून घेतलेली, आठ सिलिंडरची, दीड गाडीची जागा खाणारी पिकअप. तिला ते थोरली म्हणत. दारी हत्ती झुलतो म्हणतात, तो मी प्रत्यक्ष बघितला तो काकांच्या दारी.

पुण्याहून नोकरीसाठी मी इथे आले ते दोन हजार बारा साली. इथल्या मराठी मंडळातून कुणीतरी काकांना कळवलं होतं, म्हणून ते मला स्टेशनवर घ्यायला आले. माझ्या दोन बॅगा मागच्या हौद्यात टाकल्या तर कोपऱ्यात पडलेल्या खारकांसारख्या दिसायला लागल्या. मी मूळची तोंडाळ. म्हटलं, "काका, एवढ्याशा सामानाला हे धूड?" ते म्हणाले, "येताना एका पोराचं वॉशिंग मशीन पोचवून आलोय. रिकामी मोठी गाडी म्हणजे पाप, भरलेली मोठी गाडी म्हणजे पुण्य. चल, बस." बसायला चढावंच लागलं.

या पुण्याचं मूळ सांगलीत होतं. काकांच्या वडिलांची बदलीची नोकरी, आणि दर बदलीला बिऱ्हाड हातगाडीवरून हलायचं. फेऱ्यांवर फेऱ्या, आणि प्रत्येक वेळी आईचं काही ना काही फुटायचं. एकदा तिच्या माहेरचं आरशाचं कपाट उताराला घसरलं. आई रस्त्यात बसून काचा गोळा करत राहिली. "तेव्हा ठरवलं," काका सांगायचे, "आपल्याकडे अशी गाडी पाहिजे, की एका फेरीत बिऱ्हाड." आणि जर्मनीत तर भाड्याच्या घरात स्वयंपाकघरही नसतं, ओटा, सिंक, कपाटं सगळं उचलून न्यायचं. गावातल्या यच्चयावत मराठी पोरापोरींचा संसार थोरलीवरून हलला. माझा तीनदा हलला, एक वाटीसुद्धा फुटली नाही.

चालवायचे मात्र असं, की बैलगाडीनं हॉर्न द्यावा. आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, सगळी दुनिया उडत चाललेली, आणि काका एखादा मालट्रक बघून त्याच्या मागे बऱ्यापैकी अंतर ठेवून रांगेला लागणार. मागचे गाडीवाले दिवे मारायचे, बाजूने जाणारे हातवारे करायचे. काका एकच शब्द म्हणायचे, "सावकाश." पुढे ठरलेलं वाक्य, "पेट्रोल टाकीत नसतं, पायात असतं." मी स्वतः गिअरबॉक्सच्या कामातली इंजिनिअर, तेव्हा मी कशाला गप्प बसते? "काका, छोटी पिकअप याच्या निम्म्यात भागेल," मी म्हणायचे. "भागेल की," ते म्हणायचे, "पण फेऱ्या दोन. निम्मं दुणे किती?" यावर काकू आतून म्हणायच्या, "हिला वाढू का, का गणितच जेवणार आहात दोघं?"

सगळ्यांनी चेष्टा केली तरी काकांना काही वाटत नसे. टोचायचं ते एकच. त्यांचा मुलगा निनाद थोरलीत बसत नसे. लहानपणी तो तिच्या हौद्यातून उतरायला तयार नसायचा. मग मराठी कळायचं पण उत्तर जर्मनमध्ये द्यायचं, असं वय आलं. मग शाळेच्या दोन गल्ल्या अलीकडे उतरवा, असं सुरू झालं. आणि दहावीच्या सुमारास, मित्रांबरोबर शुक्रवारी शाळा बुडवून हवामानबदलाविरुद्धचे फलक घेऊन उभा राहायला लागल्यावर, बसणंच बंद. पोरगा मनाचा चांगला हो. माझा सोफा हलवायला आला तर चौथ्या मजल्यावरून एकट्यानं एक बाजू धरून उतरवला. पण सोफा थोरलीवर आणि निनाद मागून सायकलवर. काका एवढे सावकाश, की दोघं एकदमच पोचले. काका आरशात त्याच्याकडे बघत चालवत होते. सिग्नलला मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे गं. रोज ऑफिसात मी तेच सांगतो."

निनादला आखनला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. काकू म्हणाल्या, "अहो, तो ट्रेननं जातो म्हणतोय. सामान पार्सलनं टाकेल." आठवड्याभरात काकांनी थोरली विकली आणि दारात एक जुनी, छोटी पिकअप उभी राहिली. हिचं नाव धाकटी. हौदा टीचभर, आणि पुढच्या सीटांच्या मागे दोन माणसं कशीबशी मावतील अशी आणखी एक सीट. निनाद खाली आला, धाकटीभोवती एक चक्कर मारली, आणि दार उघडून पुढे बसला. काकू खिडकीत उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आता एवढा संसार एवढ्याशा गाडीत कसा मावणार? मी म्हटलं, "काका, भाड्यानं ट्रेलर आणू, मागे जोडू. एका फेरीत काम." काका म्हणाले, "हिला हुक नाहीये." मग दोन शनिवारी दोन फेऱ्या ठरल्या. इथून आखन म्हणजे देशाचं एक टोक, जाऊन-येऊन अख्खा दिवस.

पहिल्या फेरीत निनाद कानात हेडफोन घालून बसला होता म्हणे. दुसरीला मीही निघाले. आखनला माझी मैत्रीण होती, आणि शिवाय माझा भोचकपणा. सायकल, टेबल, कुकर, काकूंच्या मसाल्यांचा डबा असं सगळं वर चढवताना माझी नडगी कशावर तरी सणसणीत आपटली. वाकून बघितलं तर हुक. चांगला दणकट, वर प्लॅस्टिकची टोपी घातलेला. मी काकांकडे बघितलं. काका दोरी आवळत होते. म्हणाले, "सावकाश गं. लागेल."

त्या दिवशी गाडी निनादनं चालवली. मी मागे गुडघे पोटाशी घेऊन. काका त्याला मालट्रकच्या मागे कसं राहायचं, वेग वाढला की वारा कसं इंधन खातो, ते सांगत होते, आणि तो चक्क विचारत होता. हानोफर गेलं, डॉर्टमुंड गेलं, यांचं चालूच. इतकी वर्षं न बोललेलं एका गाडीत भरलं होतं. आखन जवळ आलं तसा निनाद मनाशी हिशोब करून जर्मनमध्ये म्हणाला, "पापा, आपल्या दोन फेऱ्यांना जेवढं लागलं, तेवढंच थोरलीला एका फेरीत लागलं असतं. मग यात वाचलं काय?"

"गेनाऊ," काका म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मग मराठीत म्हणाले, "काही नाही वाचलं. तू बसलास ना गाडीत, मला तेवढंच पाहिजे होतं."

निनादनं रस्त्यावरची नजर काढली नाही, पण पुढे बराच वेळ त्यानं एक हात काकांच्या सीटवर ठेवला होता. निघताना तो खाली रस्त्यापर्यंत आला. काचेतून आत वाकून म्हणाला, "बाबा, सावकाश जा." मराठीत. परतीला मी मैत्रिणीकडे न राहता काकांबरोबरच आले, कारण त्यांना एकटं सोडावंसं वाटेना. रिकामी गाडी, आणि मालट्रकही आम्हाला मागे टाकून जात होते. काका डोळे पुसायचे आणि वाऱ्याला नावं ठेवायचे. काचा तर बंद होत्या.

निवृत्त झाल्यावर काका-काकू सांगलीला गेले. जाताना धाकटीची किल्ली माझ्या हातात दिली, "रिकामी फिरवू नकोस" एवढंच सांगून. मला त्यांची आठवण येते, विशेषतः रांगेत मागचा दिवे मारतो तेव्हा. परवा माझी धाकटी बहीण, इतके दिवस इथे माझ्याजवळ असलेली, नव्या नोकरीसाठी म्युनिककडे, उंटरश्लाइसहाइमला राहायला निघाली. जिथे ऑफिस तिथे माणूस, आता वर्षातून कितीदा भेटणार. सामान बघून म्हणाली, "ताई, ट्रेलर जोड ना मागे, एका फेरीत होईल."

मी तिला सांगितलं, "हिला हुक नाहीये."