बर्गनच्या बाजारात बसलेला कोळी

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही असं म्हणतात. पण स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांत आमच्या सरकारला ते पटेनासं झालं, आणि मासे धरायला शिकण्यासाठी माझी रवानगी नॉर्वे नावाच्या देशात झाली. मी रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यातला. मॅट्रिक झालेला तिथला एकुलता एक कोळी, त्यामुळे दुसरं कोणी सापडणं शक्यच नव्हतं.

अट सरळ होती. मी तिथून पास होऊन आलो तर बाच्या मचव्याला सरकार इंजिन देणार. नापास झालो तर शिडावरच चालवा म्हणून सांगणार. शीड म्हणजे वाऱ्याची मर्जी. वारा पडला की मचवा भर समुद्रात नुसता डुलत राही आणि किनाऱ्याला लागेपर्यंत मासळीला वास सुटे. मग आय ती मिठात घालून मिळेल त्या भावाला फुंकून टाकी. म्हणून बा मला म्हणाला होता, काय वाटेल ते कर, पण इंजिन घेऊन ये.

निरोपाला धक्क्यावर अख्खा कोळीवाडा जमला होता, निम्मा निरोप द्यायला आणि निम्मा हसायला. एका काकानं मला परत आल्यावर पापलेटांचाही वर्ग घ्यायला सांगितलं. आयनं सोड्यांचा (वाळवलेल्या कोलंबीचा) डबा हातात दिला. त्या डब्यानं बोटीवर असा दरवळ उठवला की केबिनमधल्या सोबत्यांनी तक्रार केली, आणि बोटीवरच्या साहेबानं तो डबा उचलून लाइफबोटीत ठेवला. बोट बुडाली असती तर आमच्यातला पहिला तोच वाचला असता.

इंग्लंडात बोट बदलून मी बर्गनला पोचलो. डोंगराच्या कुशीत लाल-पिवळी लाकडी घरं, बंदरात मासेमारीच्या बोटींची दाटी आणि वर पाऊस. मी उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, परत निघालो तेव्हाही पडत होता. मधे कधी थांबला असेल तर मी झोपलेला असेन.

मी राहायला होतो फ्रू (बाई) सोलबर्ग यांच्याकडे. उंच, गोऱ्यापान, विधवा, आणि अतोनात सभ्य. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्यापुढे ब्रुनोस्त ठेवलं. ते तपकिरी रंगाचं गोडसर चीज असतं, पण मला ती गुळाची ढेप वाटली. मी एक खडा काढून चहात विरघळवला. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला अवघडायला नको म्हणून त्यांनीही आपल्या चहात तेच केलं. तो चहा दोघांनाही आवडत नव्हता. तरी मी तिथं होतो तोवर आम्ही दोघं रोज सकाळी तो निमूटपणे प्यायलो.

जेवणात रोज उकडलेला मासा आणि उकडलेला बटाटा. हळद नाही, तिखट नाही, आजाऱ्याचं पथ्य नुसतं. एका रविवारी मी सोड्यांचं कालवण केलं. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तशाच त्या ताठ बसून जेवल्या, आणि नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आणखी मागून घेतलं. इतकी सोशिक माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

शाळेत निल्सन नावाचे म्हातारे मास्तर होते. जाळी झाली, इंजिन झालं, बर्फात मासळी भरणं झालं. मग ते म्हणाले, आता शेवटचं, फिस्केतोर्गवर (मासळीबाजारात) बसून मासे विकायचे.

मी म्हणालो, ते मला जमणार नाही. आमच्याकडे मचवा बापाचा, पण पाटी वाळूला टेकली की मासळी आयची. पुढं तिचं काय होतं, काय भाव लागतो, हे बाप विचारतसुद्धा नाही. पुरुष बाजारात पाटी घेऊन बसला तर बायका पदराआड हसतील आणि पुरुष उघड हसतील. निल्सनमास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, बाजार नाही तर पास नाही. पास नाही तर इंजिन नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्या दिवशी मी मान खाली घालून उभा राहिलो. बर्गनची माणसंही मुखदुर्बळ. ती येत, माशाकडे बघत, माझ्याकडे बघत आणि जात. संध्याकाळी माझी मासळी जशीच्या तशी होती. मास्तर म्हणाले, उद्याही असंच झालं तर सामान बांधायला घ्या.

दुसऱ्या दिवशी एक आजीबाई थांबल्या. माझ्यापुढच्या कॉडकडे (आमच्या घोळ माशाचा थंडीनं पांढराफटक पडलेला चुलतभाऊ) त्यांनी बराच वेळ बघितलं आणि त्या चालू लागल्या. हातचं इंजिन चाललं, एवढंच मला दिसलं. आणि माझ्या तोंडून माझी आय बोलली.

"कुठं चाललीस गो बाय? नुसतं तोंड दावून जातेस? घरान काय पानी शिजवशील?"

सगळा बाजार वळला. आजीबाई परत आल्या. एक उपडं खोकं ओढून मी उकिडवा बसलो, आय बसते तसा, आणि मोडक्या नॉर्वेजियनमध्ये भाव सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि पैसे काढले.

आता पंचाईत झाली. सांगितलेला भाव मुकाट्यानं देणं म्हणजे आमच्याकडे विकणारीचा अपमान. मी पैसे परत केले आणि सांगितलं, एवढे नाहीत. आजीबाईंना वाटलं कमी पडले. त्यांनी आणखी काढले. मी घाबरून भाव खाली आणला. त्यांना वाटलं, बिचारा परदेशी, स्वतःचं नुकसान करून घेतोय, म्हणून त्या आणखी चढल्या. मी उतरतोय, त्या चढताहेत, दोघंही लालबुंद झालोय आणि भोवती छत्र्यांचं कडं जमलंय. शेवटी मी मासा जबरदस्तीनं त्यांच्या पिशवीत कोंबला आणि त्यांनी पैसे माझ्या खिशात कोंबले. कोण जिंकलं ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून माझ्यापुढे रांग लागू लागली. मी सगळ्यांना मराठीतून झापत असे, अगदी आयच्या शब्दांत. माशाला नाक मुरडणाऱ्या पाद्र्याला मी म्हटलं, नवरी बघायला आलास काय? त्याला काही कळलं नाही, पण तो खुशीनं दोन मासे घेऊन गेला. बंदरात आयुष्य काढलेला एक म्हातारा तर रोज यायचा. थोडं बघायचा, पाठ फिरवायचा, आणि मी हाक मारीपर्यंत अगदी हळू चालायचा. एवढ्या माशांचं करता काय, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, मांजराला घालतो, मला मासा सोसत नाही.

"मग येता कशाला?"

"बायको गेल्यापासून मला कोणी मागं बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला मी दोनदा हाक मारू लागलो.

मी पास झालो. निघताना धक्क्यावर फ्रू सोलबर्ग होत्या, मास्तर होते, पाद्री होता, आणि ओळखीच्या कितीतरी छत्र्या होत्या. बोट हलली तसा तो म्हातारा पुढं आला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "कुठं चाललीस गो बाय?" सगळ्या धक्क्यानं ते उचलून धरलं. मी कठड्याला धरून रडलो, आणि शेजारचा प्रवासी मला विचारत होता की ही मंडळी कोणतं राष्ट्रगीत म्हणताहेत.

घरी आलो. काही दिवसांनी इंजिन आलं, आणि त्याबरोबर अलिबागहून एक अधिकारीही आले. अख्ख्या कोळीवाड्यासमोर त्यांनी भाषण ठोकलं. जाळ्यात मी बेताचा, इंजिनात बरा, पण मासळी विकण्यात असा पटाईत की बर्गनचा बाजार अजून आठवण काढतो, हे त्यांनी निल्सनमास्तरांच्या पत्रातून मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं.

काका वाळूत बसून हसला. बा उठला आणि कुणाकडेही न बघता घरी गेला. नवीन इंजिनाला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

आयनं मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, दाखव. मी उकिडवा बसलो आणि दाखवलं. हाक, टोमणा, हात झटकणं, सगळं. मला वाटलं ती हसेल. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाजारान मी काय करतंय ते या घरान कुनीच कवा बगला न्हाय," ती म्हणाली. "तुज्या बापानं तं न्हायच."

बा ओटीवर जाळं विणत होता. त्याला ऐकू गेलं असणार, कारण त्याचे हात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन चालू केलं. मचवा सगळ्यांच्या आधी परत आला, आयनं पाटी भरली आणि ती बाजाराला गेली. थोड्या वेळानं बा पैरण चढवून बाहेर पडला. मी मागोमाग गेलो. तो बाजाराच्या कडेला, चिंचेच्या बुंध्याआड उभा होता. आयनं त्याला बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तो तिथं पहिल्यांदा आला होता. तिनं आवाज चढवला.

"ओ शेट, मासली पायजे का? मंग झाराआड उबा कशाला?"

सगळा बाजार हसला. बा कानापर्यंत तांबडा झाला, पण पुढं आला, पाटीसमोर बसला आणि सकाळी स्वतःच धरलेली सुरमई त्यानं रोख पैसे देऊन विकत घेतली. आयनं पैसे कमरेला खोचले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा विकतची मासळी शिजली. बा दोनदा भात मागून जेवला.