शर्यतीत नसलेला नियम

भूम ते तामलवाडी आणि परत, अशा सायकल शर्यतीत मी एक नियम ऐनवेळी पदरचा घातला. चूक माझीच. बाकीचे नियम आमच्या दूध सोसायटीचे होते आणि कारकून म्हणून फळ्यावर ते मीच लिहिले होते. सामान ज्याचं त्यानं वाहायचं, पंक्चर ज्याचं त्यानं काढायचं, ट्रकला धरायचं नाही. पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. दुभती जनावरं छावणीत गेलेली, दूध येईना, सोसायटीत बसून काय करायचं म्हणून संचालकांना शर्यत सुचली. भाग घेणारे बहुतेक दूध घालणारेच. कॅन नसल्यामुळं त्यांच्या सायकली हलक्या झाल्या होत्या.

मी कॅरिअरला वळकटी, भाकरी, पंप, जादा ट्यूब आणि एक उशी बांधली. पहिल्याच चढाला उशीचं वजन कळलं. लांबच्या शर्यतीत माणूस निम्मं सामान भीतीपोटी वाहतो, हे मी तिथं शिकलो. सीटवर टॉवेल गुंडाळला की मांड्या सोलतात, हेही तिथंच.

सोबत माझा मित्र होता. तो सोसायटीत दुधाचं फॅट तपासायचा. शाळेपासून आम्ही अरे-तुरेचे. तो बौद्ध, मी पाटलाच्या घरचा. आमच्यात कुणी असलं काही मानत नाही, असं मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. त्यानं कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

उस्मानाबादच्या अलीकडं रस्त्यालगत त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिनं आमचं सामान बघितलं.

"शर्यतीला निघालाव का बिऱ्हाड हलवायलाव?"

"अक्का, ह्याची उशी बघ," मित्र म्हणाला. "राजा हाय आमचा."

ती हसत आत गेली आणि दोन तांबे भरून घेऊन आली. विहीर आटल्यामुळं ती पाणी पार नदीपात्रातल्या झऱ्यावरून आणायची, हे मित्रानं वाटेतच सांगितलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. रस्त्यावरून आमच्या भावकीतला एकजण बैलगाडी घेऊन चालला होता.

"नको," मी म्हणालो. "शर्यतीत कुणाकडून पाणी घ्यायचं नाही, असा नियम आहे."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. मग स्वतःचा तांबा तोंडाला लावला आणि सावकाश प्यायला. अक्कानं माझा तांबा परत रांजणात ओतला. एक थेंब सांडू दिला नाही.

मी पुढं निघालो. थोड्या अंतरावर माझ्या चुलतमामाची वस्ती होती. तिथं मी आधी पाणी प्यालो, मग ताक, मग पुन्हा पाणी. तांबा तोंडाला असतानाच मित्र मागून आला. त्यानं एक पाय टेकून सायकल थांबवली.

"प्या, प्या. निवांत प्या तुम्ही," तो म्हणाला आणि गेला.

शर्यत भूमच्या एका दूधवाल्यानं जिंकली. त्याच्याकडं पंपसुद्धा नव्हता. त्याला बक्षीस म्हणून दुधाचा कॅन मिळाला. उशी मी परत आणली.

सोमवारी सोसायटीत मित्र म्हणाला, "तुमच्याकडं टाचणी आहे का?" तेव्हापासून तो मला तुम्हीच म्हणत राहिला. भांडला नाही, कामात कधी अडवलं नाही, माझ्या लग्नात वाढायलाही आला. दरवेळी तुम्ही. लोकांना वाटायचं, किती मान देतो. मीही कधी विचारलं नाही, कारण तो सांगेल अशी भीती होती.

सोसायटीचं कामकाज वाढलं, आमचे केस पिकले. एका उन्हाळ्यात मी त्याला म्हणालो, "अक्काकडं जायचंय. सायकलनं."

"एस्टी आहे की," तो म्हणाला. पण आला.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं मला ओळखलं. "व्हय, ते नियमवाले!" ती म्हणाली आणि उठायला लागली. "ह्या वक्ती चालतंय का पाणी?"

मी पाणी मागून घेतलं. प्यालो. तांबा खाली ठेवला. मित्र दाराशी उभा होता, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "अक्का, तसा नियम नव्हताच. गाडीवाला आमच्यातला होता. त्याच्यासमोर तुमच्या घरचं पाणी प्यायला मी भ्यालो आणि खोटं बोललो. तुमच्याशी आणि ह्याच्याशी, दोघांशी मी चुकीचं वागलो. मला माफ करा."