बिडीचा पहिला झुरका

सून म्हणून मी त्या घरात गेले तेव्हा भाकरी थापण्याच्याही आधी मला शिकवलं गेलं ते बिडी पेटवणं. पोलीस ॲक्शन होऊन एक उन्हाळा उलटला होता. परतूरहून बैलगाडीनं निघालं की दुपारपर्यंत पोचता येईल असं दुधना नदीच्या काठावरचं गाव. सासरे ओसरीवर बसायचे आणि मागं वळूनसुद्धा न बघता बिडी धरलेला हात दाराकडे करायचे. सासूबाई ती घ्यायच्या, चुलीतल्या निखाऱ्याला टेकवायच्या आणि तिनं नीट पेट घ्यावा म्हणून एक झुरका ओढायच्या. तसं केल्याशिवाय बिडी पेटत नाही. मग तोंडाला पदर लावून धूर सोडायच्या आणि पेटलेली बिडी बाहेर नेऊन द्यायच्या. काडेपेटी घरात होती, पण ती देवाच्या दिव्यापुरती. घरात बाई असताना पुरुषानं काडी ओढली तर शेजारीपाजारी विचारायचे, घरात कुणी न्हाई काय.

माझ्या नवऱ्याची बिडी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "गिळू नको गं. तोंडात धरायचा अन् सोडून द्यायचा." मी शिकले. पुढं पुढं ठसका लागेनासा झाला. याला बिडी ओढणं कुणी म्हणत नव्हतं. बिडी पुरुष ओढायचे, बायका नुसती पेटवून द्यायच्या. आम्हालाही ते पटलेलं होतं.

सासऱ्यांना खोकला होता. खोकून खोकून दम संपला की शेवटी छातीतून एक बारीक शीळ निघायची, फुंकणीतून हवा जावी तशी. ती शीळ सगळ्या गल्लीला ओळखीची होती. गावचे वैद्य सांगायचे, बिडीनं कफ सुटतो. गावात सगळ्यांचं मत तेच होतं, शिवाय सकाळी पोट साफ व्हायला बिडीसारखं औषध नाही असंही होतं. खोकला फारच वाढला तेव्हा त्यांना जालन्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बिडी बंद करा. म्हणाले खरं, पण बोलता बोलता त्यांनी स्वतः सिगारेट शिलगावली. परतीच्या वाटेवर सासरे हसत होते. "सोता धुराडं लावून बसलाय अन् मला सांगून राह्यला," असं त्यांनी गावभर सांगितलं, आणि गाव महिनाभर त्या डॉक्टरला हसत राहिलं.

त्या थंडीत सासरे गेले. माणूस गेल्याचं दुःख घरातल्या सगळ्यांना झालं, मलाही झालं. पण मी दचकले वेगळ्याच गोष्टीनं. सुतकाच्या दिवसांत माझा नवरा खोकला आणि खोकल्याच्या शेवटी तीच शीळ वाजली. बारीकच, पण तीच. अजून मिसरूड नीट फुटायचं होतं त्यांचं. बिड्या मात्र बापाच्या बरोबरीनं ओढायचे, आणि प्रत्येक बिडी मीच पेटवून द्यायची. मला विधवा व्हायचं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगू शकले नाही, आता सरळ सांगते.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडे बायकाही जातात, पण लांब बसतात. आम्ही बाभळीखाली बसलो. पुरुष पिंडाच्या भोवती कोंडाळं करून होते. भाताचा पिंड दगडावर ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत राहिले. समोरच्या लिंबावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मोठ्या माणसांनी एकेक आश्वासन द्यायला सुरुवात केली. शेत एकत्र ठेवू. लेकीचं माहेरपण तुटू देणार नाही. गाय विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढत गेलं, आणि वाट बघता बघता पुरुषांनी बिड्या काढल्या.

शेवटी चुलत सासरे म्हणाले, "त्याचा जीव कशात व्हता ते आपल्याला ठाव न्हाई काय? बिडी ठेवा." लाल दोऱ्याचं बिडीचं बंडल पिंडाशेजारी ठेवलं. एक कावळा खाली उतरला, दगडापासून हातभर लांब उभा राहिला, बंडलाकडे बघितलं आणि उलटा उडून गेला. मला आठवतंय, नदीचं पाणीसुद्धा वाजत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याला उबळ आली. खोकले, आणि शेवटी ती शीळ. कोंडाळ्यातल्या सगळ्यांनी माना वर केल्या, कारण आवाज मेलेल्या माणसाचा होता. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला. हातातली बिडी त्यांनी वाळूत खुपसली आणि पिंडाकडे बघून बापाला म्हणाले, "दादा, मी बिडी सोडतो. बिलकुल सोडतो." ते ऐकून बाकीच्यांनीही भीतीनं आपापल्या बिड्या विझवल्या. आणि कावळा आला. सरळ उतरला, पिंडाला चोच लावली आणि गेला.

पुढं माझा मुलगा कॉलेजात शिकायला लागला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, आई, इतकी माणसं धूर काढत बसल्यावर कावळा कसा येईल, धूर विझला म्हणून तो आला. असेल. पण मी तिथं होते आणि तो नव्हता.

जे डॉक्टरला जमलं नव्हतं ते कावळ्यानं केलं. ही गोष्ट परतूरच्या बाजारात गेली, तिथून घनसावंगीकडे गेली, आणि जाता जाता वाढत गेली. कावळा माणसासारखा बोलला इथपर्यंत मी ऐकलं. गावात कितीतरी जणांनी बिडी टाकली. छातीत काय होतं, धूर कुठं जातो, ते कुणाला कळलं नव्हतं. मेलेला माणूस नको म्हणतोय एवढंच कळलं होतं. पोळ्यापर्यंत बहुतेकांची भीती गेली आणि बिड्या परत सुरू झाल्या. माझ्या नवऱ्याची भीती गेली नाही. त्यांचा खोकला हळूहळू सैल पडत चालला, आणि मी रात्री त्यांच्या श्वासाकडे कान लावून झोपायला लागले.

मग घरात वास यायला लागला.

दिवेलागणीच्या वेळी यायचा. बिडीचाच, ताजा. ओसरीवर कुणी नसायचं. पहिल्यांदा मला वाटलं हेच लपून ओढतात. मी त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला, बोटं हुंगली, तोंड हुंगलं. काही नाही. मग एका संध्याकाळी ते बैल बांधून आत आले आणि चौकटीतच थांबले. वास त्यांनाही आला. ज्या जोत्याच्या कडेला सासरे बसायचे तिकडे ते बघत राहिले. तिथं फक्त अंधार होता.

"दादा आलेत," ते म्हणाले. "त्यांची सुटका झाली न्हाई."

त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. वास रोज यायचा. कधीकधी त्याच्यासोबत खोकल्याचा आवाज यायचा, दबलेला, भिंतीच्या आतून आल्यासारखा, आणि शेवटी शीळ. ते माझ्या शेजारी बसलेले असताना ती शीळ ऐकू आली, म्हणजे ती त्यांची नव्हती.

अवस जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "अवसेला मी नदीवर जाणार हाय. दादाला ओढायची असंल तर माझ्या तोंडानं ओढू दे. एकच." मी म्हटलं, शपथ घेतलीय ना. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी घेतली तोच दारात येऊन बसलाय, मंग कशाची शपथ?" एक बिडी एकच राहत नाही, एवढं मला कळत होतं. कावळ्यानं दिलेलं माणूस हा वास परत घेऊन चालला होता. भुताशी भांडावं असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

अवसेच्या आदल्या दिवशी मी पाण्याला गेले आणि तिन्हीसांजेला परत आले. दिवा लागलेला नव्हता. स्वयंपाकघरात चूल निवत आलेली, आणि तिच्यापाशी, तोंडाच्या उंचीवर, एक लाल ठिपका होता. तो मोठा झाला, बारीक झाला. मग खोकला आला आणि शेवटी शीळ वाजली. घागर माझ्या कमरेवरच राहिली. ठिपका खाली आला तेव्हा निखाऱ्याच्या उजेडात मनगट दिसलं. मनगट उघडं होतं, एकही बांगडी नाही, पुरुषाचं असावं तसं. मी मनाशी म्हटलं, खरंच आलेत.

"दिवा लाव गं," अंधारातून सासूबाई म्हणाल्या. "अंधारून आलं."

वर्ष झालं नव्हतं त्यांच्या बांगड्या फुटून. त्यांचं उघडं मनगट अजून माझ्या नजरेला सवयीचं झालं नव्हतं.

मी दिवा लावला. त्यांच्या हातात बिडी होती आणि मांडीवर लाल दोऱ्याचं बंडल. नदीवरचं तेच. दहाव्याचं काही घरी आणत नाहीत, त्यांनी ते पदराखाली आणलं होतं. मी विचारलं, "आत्याबाई, हे काय?"

त्या लाजल्या नाहीत. माझ्याकडे नवलानं बघत म्हणाल्या, "त्यांची बिडी जन्मभर मीच पेटवली. दिवेलागण झाली की हात आपोआप चुलीकडं जातो. पेटवते, मंग द्यायची कुणाला? मंग माझ्याच तोंडात ऱ्हाती."

"पण शपथ..."

"शपथ लेकानं घेतली. मला कुठं कुणी विचारलं?"

मग मी त्यांना ह्यांच्या मनातलं सांगितलं, नदीवर जायचं, एक ओढायची. विधवा बाईनं बिडी ओढली हे लेकाला कळणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. लेकाला सांगा, असं मी त्यांना म्हणू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे खिशात बिडी घालून निघाले. सासूबाई चुलीपासून उठल्या, पेटलेली बिडी घेऊन ओसरीवर गेल्या, सासऱ्यांच्या जागी बसल्या आणि लेकाच्या समोर झुरका ओढला. खोकल्या. शीळ वाजली.

"हा वास माझा हाय," त्या म्हणाल्या. "तुझे दादा गेले ते बराबर गेले. तू नदीवर जाऊ नको."

ह्यांनी मान खाली घातली. मग खिशातली बिडी काढून मुठीत चुरडली आणि गोठ्याकडे गेले. त्यांनी पुन्हा बिडीला हात लावला नाही आणि आईशी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. तूही सोड, असं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण त्यासाठी आई बिडी ओढते हे तोंडानं म्हणावं लागलं असतं.

ह्यांची शीळ थांबली. सासूबाईंची वाढत गेली. काही वर्षांनी त्यांना जालन्याला नेलं, त्याच डॉक्टरकडे. डॉक्टरांनी विचारलं, "घरात बिडी?" हे म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्या घरात आता कुणी ओढत न्हाई." सासूबाईंनी मान डोलावली. मी मागून म्हटलं, "त्या ओढतात, साहेब." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं बोलले नाही. डॉक्टर हसले. "बायकांना हे चुलीच्या धुरानं होतं," असं म्हणाले आणि बाटली भरून औषध दिलं. चुलीच्या धुरानंही होत असेल, ते काही खोटं बोलले नाहीत. पण तिथंच थांबले.

सासूबाई गेल्या. त्यांच्या दहाव्याला आम्ही त्याच बाभळीखाली बसलो. माझ्या तोंडाशी एक वाक्य तयार होतं. कावळा अडला की उठायचं, पुरुषांच्या मधून पुढं जायचं आणि म्हणायचं, आत्याबाई, मी कुणाची बिडी पेटवणार नाही. पण पिंड ठेवून माणसं पुरती मागंही सरली नाहीत तोच कावळा आला आणि शिवून गेला. सगळे म्हणाले, भाग्याची बाई, कशात जीव अडकला नाही. मला रडू आलं ते त्यामुळे. त्यांच्या जिवाला काही हवं असेल, हे कावळ्यालासुद्धा वाटलं नाही.

घरी येऊन मी चूल पेटवली. चुलत सासरे ओसरीवर टेकले, बिडी काढली आणि मागं न बघता हात दाराकडे केला. "सूनबाई, जरा पेटवून आण."

मी ती घेतली. चुलीसमोर बसले. जाळ चांगला होता. बिडी आख्खी आत टाकली, जळून जाईपर्यंत बघितली, आणि बाहेर येऊन म्हटलं, "इस्तू विझलाय."

"मंग वास कशाचा येऊन राह्यला?"

"आत्याबाईंचा," मी म्हटलं.

त्यांनी आतल्या अंधाराकडे एकदा बघितलं. मग पाय खाली सोडले, वहाणा घातल्या आणि चहासाठीही न थांबता गेले. त्या घरात पुन्हा कुणी बाईच्या हातात बिडी दिली नाही.