पिठाच्या ठिपक्यांवरची स्प्रिंग

माझ्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं, आणि मामंजींच्या डोक्यात एकच, फोटो आपल्या जुन्या डबा कॅमेऱ्यानंच काढायचा, माझ्या नवऱ्याच्या जावळाचा काढला होता तसा. पण खटका दाबला तर आतली चकती हलेचना. मामंजींचे हात कापतात, म्हणून ते खुर्चीत बसून सांगणार आणि मी खोलणार, असं ठरलं. मला शिवणयंत्रापलीकडे काही ठाऊक नाही.

"अगे, आठवीपर्यंत शिकलीस ना? स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही सांगू?"

"आठवीत कॅमेरा नव्हता, मामंजी."

पुढचा पत्रा निघाला. आत धूळ, काळी पडलेली चकती, आणि तिला ओढून धरणारी एक बारीक स्प्रिंग, शिवणीच्या दोऱ्याएवढी. काढशील ते ओळीनं ठेव, नाहीतर परत बसायचं नाही, मामंजी म्हणाले. ओळ म्हटलं की मला कोलमच सुचतो, इथली तमिळ ठिपक्यांची रांगोळी. दारात घालते तसे जमिनीवर पिठाचे ठिपके घातले आणि निघेल ती वस्तू एकेका ठिपक्यावर ठेवत गेले, शेवटच्यावर स्प्रिंग. आमच्या घरात कोलमाला दगडाची भुकटी वापरत नाहीत, तांदळाचं पीठच, मुंग्यांनी खावं म्हणून. मामंजी खूश. "हे मला कधी सुचलं नाही की!"

मी कापसाला स्पिरिट लावून चकती पुसत होते, पोरगा मागं रांगत होता, त्याचे वाळे वाजत होते. मग वाजेनात. वळून बघते तर तो ओणवा होऊन जमीन चाटतोय, हनुवटी सगळी पांढरी, आणि शेवटच्या ठिपक्याच्या जागी नुसती ओली जमीन.

"मामंजी, स्प्रिंग?"

"असेल तिथंच."

"नाही हो, नाही!"

त्याच्या तोंडात बोट घातलं, तो ओकला, पीठ आलं, स्प्रिंग नाही. मामंजी खाली बसून तळहातानं जमीन चाचपायला लागले, मी चटई झटकली, साडी झटकली, पोरगा हसतोय, त्याला वाटलं खेळ चाललाय. मी त्याला उचलून चपला न घालता रस्त्यावर पळाले, मामंजी मागून ओरडत होते, "ऑटो थांबव गे, ऑटो!"

दवाखान्यात एक्स-रे काढला. पडद्यावर पोराच्या बरगड्या, किती बारीक बरगड्या, आणि खाली पोटात ती, पांढरी, वळलेली. डॉक्टरीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या, घशातून उतरलीये, बहुतेक येईल बाहेर, केळं द्या, भात द्या, पोट कडक झालं किंवा रक्त दिसलं तर धावत या. त्या ‘बहुतेक’ म्हणाल्या तेवढंच मला ऐकू आलं.

मग वाट बघणं. तो रडला की वाटायचं टोचली, गप्प बसला की वाटायचं संपलं. निजला की मी पोटावर हात ठेवून बसायचे. दर वेळी लंगोट घेऊन मोरीत बसायचं, पाणी ओतायचं, बोटांनी चाळायचं. मामंजी मोरीच्या दाराशी उभे राहायचे, विचारायचे नाहीत. जेवायचेही नाहीत.

आली एकदाची. काळी, थोडी सरळ झालेली. मी ती धुतली नाही, दाखवली नाही, तशीच गटारात टाकली आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

"आली," एवढंच म्हटलं.

त्यांनी हात जोडले. जरा वेळानं, हळूच, "कुठाय?"

"टाकली."

दुपारी मामंजी स्वतःच कॅमेरा बंद करायला बसले, रिकामाच. हात कापत होते, तरी मी उठले नाही. एक स्क्रू निसटला, फरशीवर टिणकन वाजला आणि कुठंतरी गेला. आम्ही दोघांनीही खाली पाहिलं नाही. दोघंही पोराकडे धावलो, आणि मी पोहोचायच्या आधी त्यांची कापरी बोटं त्याच्या तोंडात होती.