भाजून पाठवलेली माती

मुलांनो, तुमच्या घरामागे उभ्या असलेल्या पाइनच्या बिया तुमच्या आईने लग्नानंतर पहिल्याच वर्षी आजोबांना पाठवल्या होत्या. आजोबा तेव्हा आजारपणामुळे बोईसरच्या कारखान्यातून लवकर निवृत्त झाले होते. हृदय इतकं कमजोर, की डॉक्टरांनी विमानप्रवासाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. आमच्या लेकीचं परदेशातलं घर आपल्याला दिसणार नाही हे त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. तिच्या घरामागचं झाड मात्र तारापूरच्या आपल्या वाडीत वाढलेलं बघायचं, एवढं मनाशी धरलं. तिकडेही उन्हाळा कडक, मग इथे ते का जगू नये, असं त्यांचं म्हणणं.

बिया रुजल्या. रोपं बोटभर उंच झाली आणि तिथेच थांबली. सुईसारखी पानं जांभळट पडू लागली. मासे घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवता उतरवता चिडवायची, "काय ओ भाऊ, झाडं हायत का भातुकलीची खेळणी? वाढतच नाय! बोंबलाची डोकी पुरा खाली."

"तुझे बोंबील खाऊन मी तरी कुठे वाढलो?" आजोबा म्हणायचे.

डोकी पुरली. पानं जांभळी पडणं म्हणजे फॉस्फरसची उणीव, म्हणून सुपर फॉस्फेट खतही घातलं. शेतकीवाले फॉस्फरसला स्फुरद म्हणतात. आजोबांना तो शब्द फार आवडला. "स्फुरद घातलं, पण याला स्फुरण येईना," असं रोज म्हणत.

शेवटी पालघरच्या कॉलेजातून मी एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि त्यांना मराठीत सांगितलं. फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटून असतो. पाइनच्या मुळांना एकट्याने तो पुरेसा मिळवता येत नाही. एक बुरशी मुळांच्या टोकांवर वेष्टण धरते, तिचे बारीक तंतू मूळ पोचत नाही तिथवर जातात आणि फॉस्फरस आणून देतात. झाड तिला साखर देतं. पण ही बुरशी बियांबरोबर येत नाही. जुन्या पाइनखालची माती लागते.

पानं सारखी दिसतात म्हणून आजोबांनी आधी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखालची माती आणून घातली. पण सुरू काही पाइनचा नातलग नव्हे. मग तुमच्या आईला कळवलं. इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तिने बिस्किटांच्या डब्यात माती पाठवली.

आजोबांनी चिमूटभर माती चुरून नाकाशी धरली. चेहरा उतरला.

"भाजलीय."

आपल्याकडे परगावी पाठवायचा रवा भाजून देतात, सुकट भाजून देतात. वाटेत किडे पडू नयेत म्हणून. पोरीने मातीही तशीच मंद आचेवर भाजून, गार करून भरली होती. त्यात बुरशी कुठली जगायला?

"तिला सांगू. दुसरी पाठवेल," मी म्हटलं.

"नको. चुलीपाशी उभं राहून भाजलीय तिने." त्यांनी ती सगळी माती रोपांच्या मुळाशी घातली आणि तळहाताने सारखी केली.

त्या रविवारी आजोबांनी बोईसरच्या फोन बूथवरून तिला फोन लावला. रोपं कशी आहेत, असं तिने विचारल्यावर ते म्हणाले, "वाढतायत गं. वीतभर झाली." रोपं उन्हाळ्यात एकेक करून वाळली. फोनवरचं झाड मात्र वाढत राहिलं. आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. त्यानंतरच्या फोनला आजोबा नव्हते.

तुमची आई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. पिशवी ओट्यावर टाकून ती तडक मागे गेली.

"आई, झाड कुठाय?"

मी रिकामा वाफा दाखवला, आणि मग सगळं सांगितलं. ती वाफ्यापाशी खाली बसली.

"एका शब्दाने बोलले असते तर मी दुसरी पाठवली असती ना गं!"

तिच्या पोटात तेव्हा तुमच्यातला थोरला होता. जमीन ओली होती. मी तिला दंडाला धरून उठवलं.